पाहुण्याचा भाव

बाजारात माणसाला फसवण्याचे प्रकार वरवर पाहता असंख्य दिसले, तरी मुळात ते दोनच आहेत. एक मापात होतो, दुसरा भावात. पहिल्या प्रकाराशी माझा एकतीस वर्षे शासकीय संबंध आला. मध्य प्रदेश शासनाच्या नापतौल विभागात निरीक्षक म्हणून मी रुजू झालो आणि २०१८ साली इंदुरातूनच निवृत्त झालो. या काळात झिजवलेली वजने, पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबके, तळ आतून उचललेली मापे असे पुष्कळ काही पाहिले. मापातले पाप ओळखायला अनुभवी डोळा आणि प्रमाणित वजनांची पेटी एवढे पुरते. भावातले पाप मात्र, ते पाप आहे की नाही येथपासूनच वादग्रस्त. पॅकबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापली की आमच्या खात्यापुरता प्रश्न मिटे. पण सुटी फळे, घराचे भाडे, दारावरचे तिकीट यांवर अशी किंमत कोण छापणार? एकाच वस्तूचा भाव एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा सांगणे हा अन्याय आहे काय, हा प्रश्न सेवाकाळात मला कधी पडला नाही. तो पडला निवृत्तीनंतर, आणि तोही बँकॉकच्या एका गल्लीत पेरू विकत घेताना.

माझी मुलगी व जावई २००९ पासून बँकॉकला असतात. नातीचा जन्म तिथलाच. जानेवारी २०१९ मध्ये आम्ही उभयता त्यांच्याकडे सहा आठवडे राहायला गेलो. रात्री घरी पोहोचून हातपाय धुतो न धुतो तोच मुलीने आमच्या पासपोर्टांची छायाचित्रे काढून घरमालकीणबाईंकडे पाठवली. परदेशी मनुष्य घरी मुक्कामाला आला की घरमालकाने चोवीस तासांच्या आत तसे शासनाला कळवावे, असा तिथल्या १९७९ च्या कायद्याचा नियम आहे. खुद्द मुलगी-जावयांनाही देशात सलग राहिल्यास दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. परदेशी माणसाला तिथे सर्वसाधारणपणे जमीन विकत घेता येत नाही. सदनिका घेता येते, पण एका इमारतीतील सदनिकांच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांहून अधिक परदेशीयांच्या नावावर असू शकत नाही. मुलगी हे सारे वैतागून सांगत नव्हती. आपल्याकडे शिधापत्रिकेचे नियम सांगावेत तशा सहज स्वरात सांगत होती.

पहिले काही दिवस मला त्या देशात परके वाटेना, याचे कारण भाषा. ऐकताना काहीच कळत नाही, आणि मुलीने उलगडून सांगितले की अर्धे आपलेच निघते. भाषेला ते ‘फासा’ म्हणतात, आहाराला ‘आहान’, शून्याला ‘सून’. रविवार हा आदित्याचा, सोमवार चंद्राचा, गुरुवार बृहस्पतीचा. नमस्काराच्या ‘सवातदी’त आपली स्वस्ती आहे. पण या जवळिकीच्या भरवशावर खरेदीला निघालेला माणूस लवकरच जमिनीवर येतो. दुधाच्या खोक्यावरील मुदतीच्या तारखेत ‘६२’ हे वर्ष पाहून माझी पत्नी गोंधळली. ते बुद्ध संवताचे २५६२ होते, इसवी सनाहून ५४३ वर्षे पुढचे. सुक्या मिरच्यांच्या ढिगावर खोचलेल्या पाटीवरचा आकडा मी किलोचा समजलो आणि स्वस्ताईने हरखलो. तो भाव ‘खीत’चा होता, आणि एक खीत म्हणजे १०० ग्रॅम. मापे तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाने मापाचे एकक न विचारता खरेदी करावी, यावर जावई गालातल्या गालात हसले.

मुलीच्या इमारतीमागे रोज सकाळी भाजीबाजार भरे. नाक्यावर एक पन्नाशीच्या बाई पेरू आणि पपनसे घेऊन बसत. मी बोटाने पेरू दाखवला. त्यांनी गणकयंत्रावर ६० हा आकडा उमटवून माझ्यापुढे धरला. किलोला साठ बाट. बाट त्या वेळी सव्वादोन रुपयांच्या आसपास होता. मी दिले. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी असल्याने आठ वर्षांची नात बरोबर आली. तिने त्या बाईंना ‘पा’, म्हणजे मोठ्या मावशी, अशी हाक मारून थाईत भाव विचारला. उत्तर आले, चाळीस.

माझ्यातला निरीक्षक खडबडून जागा झाला. बाजाराच्या एका टोकाला, कोणाही गिऱ्हाइकाला आपला माल फेरतपासता यावा म्हणून ठेवलेला सामाईक काटा मी आधीच हेरून ठेवला होता. आदल्या दिवसाच्या भावाचा राग मी त्या दिवसाच्या वजनावर काढायचे ठरवले आणि पिशवी तिथे नेऊन ठेवली. एक किलो आणि वर तीसेक ग्रॅम. बाईंनी पिशवीत एक लहान पेरू वरकड घातला होता. मापात पाप नव्हते, उलट थोडे पुण्यच होते. मी नातीला म्हटले, मग काल साठ का घेतले ते विचार. तिने विचारले. बाई जराही न ओशाळता हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. नातीने सांगितले, ‘आजोबा, पा म्हणते की काल तुम्ही खॅक होतात, आज तुम्ही माझे ता आहात.’

‘ता’ म्हणजे आईचे वडील. आणि ‘खॅक’ म्हणजे पाहुणा. या दुसऱ्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो मला संध्याकाळी मुलीकडून कळला. थाई बोलीत भारतीय, मलायी, पश्चिम आशियातले अशा लोकांनाही सरसकट ‘खॅक’ म्हणतात. गोऱ्या माणसाला ‘फरांग’. आपल्या ‘फिरंगी’चाच हा भाऊ. गंमत अशी की पेरूलाही थाईत फरांगच म्हणतात. अमेरिका खंडातले ते झाड युरोपीय लोकांबरोबर तिथे आले, शतकानुशतके त्याच मातीत वाढले, तरी नाव राहिले परक्याचेच. (आपल्या पेरूचे नावही बाहेरूनच आलेले आहे, हे लक्षात आल्यावर मी फार बोललो नाही.)

त्या रात्री मी बराच वेळ त्या वीस बाटांचा विचार करत होतो. त्या बाईंनी मला फसवले काय? वजन खरे होते. भाव त्यांनी आधी सांगितला होता. ‘महाग आहे’ म्हणून पुढच्या पाटीवर जायला मी मोकळा होतो. मालाचे गुण त्यांनी वाढवून सांगितले नाहीत. मग माझी तक्रार कशाबद्दल होती? विचारांती वाटले, तक्रार एवढीच की भाव पेरूचा नसून माझा होता. सोन्याचे तसे नसते. याओवारात भागातील सराफी दुकानांत आम्ही गेलो, तेव्हा सोन्याचा त्या दिवसाचा भाव सर्वांना दिसेल असा फलकावर होता. तिथे सोने तोळ्यावर नव्हे, ‘बाट’ या वजनावर विकतात. दागिन्याचा एक बाट सुमारे १५.२ ग्रॅमचा, आणि शुद्धता ९६.५ टक्के. हिंदीत वजनालाच बाट म्हणतात हे आम्हा इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. या दोन शब्दांचे नाते आहे की नुसता योगायोग, या खोलात मी शिरत नाही. सांगायचे एवढेच की सोन्याच्या भावापुढे राव, रंक, थाई, खॅक सारे सारखे. घासाघीस चालते ती फक्त घडणावळीवर. पेरूच्या भावात मात्र विकणारा आणि घेणारा यांचे नातेही तोलले जाते. रोज येणारा, भाषा बोलणारा, उद्या पुन्हा भेटणारा माणूस एका भावाचा. एकदा येऊन जाणारा दुसऱ्या भावाचा. आपल्या राजवाड्याच्या बाजारात वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला घरचा भाव लावतात, तेव्हा तो न लाभलेल्यावर अन्याय झाला असे आपण कुठे म्हणतो?

दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. त्या शहरात निवृत्तिवेतनावर सुखाने राहणारी पुष्कळ फिरंगी मंडळी दिसतात. दुहेरी भावाविषयी चिडून बोलणाऱ्यांत ती पुढे असतात. परंतु त्यांतले अनेक जण तिथे राहायला आले ते मुळात त्यांच्या देशाच्या चलनात तिथले जगणे स्वस्त पडते म्हणूनच. देशादेशांतील या तफावतीचा लाभ घ्यायचा, आणि त्याच तफावतीचे वीस बाट पेरूवालीने मागितले की न्यायाची भाषा करायची, हे सुसंगत नाही. मीही त्यांच्यातलाच एक, सहा आठवड्यांपुरता. त्याच बाजारात ओझी वाहणारी मुले म्यानमारची होती. तीही परदेशीच, त्यांनाही कागदपत्रे सांभाळावी लागतात, पण त्यांच्याकडून कोणी पाहुण्याचा भाव मागत नाही. त्यांच्या बाबतीत भाव पाडला जातो तो त्यांच्या कष्टाचा. परकेपणाची खरी किंमत कोण मोजतो, हे त्या मुलांकडे पाहून कळावे.

तेव्हा बाजारातल्या भावाबद्दल माझ्या मनाने एक निवाडा दिला. भाव तोंडावर सांगितलेला असावा, माप खरे असावे, नाकारून निघून जायची मोकळीक असावी, आणि आजचा खॅक उद्या ता होऊ शकावा. एवढे असेल तर साठ आणि चाळीस यांतले अंतर मी अन्यायात धरणार नाही. ते वीस बाट अनोळखीपणाची पट्टी आहे, आणि ती कमी करणे काही अंशी माझ्याच हाती आहे. भाषेतले दहा शब्द शिकलो, तर दहा बाट तरी उतरतील.

हा निवाडा मी पक्का धरून बसलो असतो. पण पुढच्या आठवड्यात आम्ही सारे एक राष्ट्रीय उद्यान पाहायला गेलो. दारावरच्या फलकावर इंग्रजीत परदेशीयांचा दर होता: प्रौढास ४००, मुलास २०० बाट. शेजारी थाई लिपीत देशी लोकांचा दर होता, आणि त्यातले आकडेही थाई अंकांत होते, जे परक्याला अक्षरांतून वेगळे काढता येत नाहीत. नातीला येतात, ती तिथल्या शाळेत शिकते. तिने मोठ्याने वाचले, ‘प्रौढ चाळीस, मुले वीस.’ जावयांनी आपले आणि मुलीचे थाई वाहनपरवाने खिडकीत दिले. आतल्या माणसाने ते उलटसुलट पाहिले आणि त्या दोघांना चाळीसचे तिकीट दिले. आम्हा म्हाताऱ्यांना चारशेचे, हे तर रीतसरच होते. मग त्याने नातीकडे पाहिले. तिच्याकडे वाहनपरवाना कुठून असणार? पासपोर्ट होता, तो भारताचा. परदेशी तात्पुरत्या रहिवाशांच्या मुलाला केवळ तिथे जन्मल्याने थाई नागरिकत्व मिळत नाही. दोनशे बाट. तिथे जन्मलेली, थाई अंक वाचणारी, थाईत भांडणारी मुलगी पाहुणी ठरली. बाहेरून आलेले तिचे आईबाप देशी दरात आत गेले. त्या कर्मचाऱ्याचा दोष नव्हता. परवाना पाहून सूट देणे हा त्याचा चांगुलपणा, आणि चांगुलपणाला नमुन्यातला रकाना नसतो. वयाची तीन दशके रकाने भरण्यात घालवलेल्या मला हे लगेच उमजले. नात मात्र आत शिरल्यावर बराच वेळ गप्प होती. मग तिने आईला विचारले, ‘मी खॅक आहे का?’

दुहेरी दराच्या समर्थनार्थ जे म्हटले जाते ते पोकळ नाही. देशातले वन, राजवाडे, मंदिरे ही तिथल्या लोकांच्या पूर्वजांची मिळकत. त्यांची निगा त्यांच्या करांतून राखली जाते. तेव्हा घरच्याला घरात शिरायला पाहुण्याएवढे मोल का पडावे? बँकॉकच्या राजवाड्यात परदेशीयांना ५०० बाट आहेत आणि थाई माणसाला प्रवेश विनामूल्य आहे. आपण काही वेगळे करत नाही. अजिंठ्याच्या तिकीटखिडकीवर भारतीयाला ४० रुपये आणि परदेशीयाला ६००. मात्र तिथे एक अपवाद आहे, जो फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही: सार्क आणि बिमस्टेक या गटांतील देशांच्या नागरिकांना आपण आपलाच दर लावतो, आणि थायलंड बिमस्टेकमध्ये आहे. बुद्धाच्या ओढीने अजिंठ्याला आलेला थाई भाविक आपल्याकडे ४० रुपयांत आत जातो. अतिथीला देव मानण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. फ्रान्समधून आलेला अतिथी मात्र त्यात बसत नाही, थायलंडमधला बसतो. घरचा कोण आणि परका कोण, ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. ती करारांनी, नकाशांनी, कधी नुसत्या परवान्याच्या तुकड्याने आखली जाते. ती मुळीच असू नये असे मी म्हणत नाही. पण ती आखणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. एक, दोन्ही दर समोरच्याला वाचता येतील अशा अंकांत लिहिण्याची आपली तयारी आहे का? थाई अंक ही त्या लोकांची स्वतःची लिपी आहे, ती त्यांनी वापरावीच, जशी आपण देवनागरी वापरतो. पण एक दर एका लिपीत आणि दुसरा दुसऱ्या लिपीत ठेवण्यात थोडा संकोच लपलेला असतो, आणि संकोच वाटतो तिथे मनाने काहीतरी आधीच ओळखलेले असते. दुसरी गोष्ट अशी की ती रेघ कष्टाने, काळाने, आपुलकीने कधीतरी ओलांडता यावी. बँकॉकच्या सीलोम रस्त्यावर तमिळ मंडळींनी एकोणिसाव्या शतकात उभारलेले मारिअम्मनचे देऊळ आहे. शेकडो थाई भक्त तिथे रोज मनोभावे फुले वाहतात. त्या देवळाला लोक आजही ‘वात खॅक’ म्हणतात: पाहुण्यांचे देऊळ. नाव प्रेमाचेच आहे. पण काही पिढ्या उलटून गेल्यावरही आपल्याला पाहुणाच म्हणतात, हे ऐकताना त्या देवळाच्या जुन्या घराण्यांना काय वाटत असेल, हे आपल्यासारख्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

आपली घराणीही अशीच आली. माझे पूर्वज होळकरांच्या दप्तरात कारकुनी करायला माळव्यात आले आणि इथलेच झाले. लहानपणी मला शेजारची मुले ‘दक्षिणी’ म्हणत. तेव्हा राग येई, आज तो शब्द फारसा ऐकू येत नाही. आपण ता झालो. आणि ता झाल्यावर आपण खॅकांना कोणता भाव लावला, हे मला बँकॉकहून परतताना विमानात आठवले.

रामबागेतल्या आमच्या वडिलोपार्जित घरात मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत, अगदी सारख्या. एक भिंत मध्ये. २००६ साली एका खोलीत उज्जैनचे एक मराठी शिक्षक भाड्याने राहत होते. दुसरी मी केरळातून आलेल्या एका परिचारिकेला दिली. शिक्षकांचे भाडे महिना बाराशे होते, तिला मी चौदाशे सांगितले. का सांगितले, याला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते, कारण प्रश्नच नव्हता. ती एकटी, परप्रांतीय, शहरात ओळख नसलेली. तिला दुसरीकडे कोण लगेच खोली देणार होते? तिने घासाघीस केली नाही. पाच वर्षे दर महिन्याच्या एक तारखेला ती भाडे आणून देई. माझ्या आईच्या आजारपणात तिने रात्री जागून काढल्या आणि त्याचे मोल कधी मागितले नाही. आई तिला हाताने भरवलेला लाडू देई आणि ‘आमची पोर’ म्हणे. तरीही तिचे भाडे चौदाशेच राहिले. ती कधीच खॅकची ता झाली नाही. म्हणजे माझ्या आईच्या लेखी झाली, माझ्या वहीत झाली नाही. २०११ साली ती नोकरीनिमित्त आखाती देशात गेली. शेजारच्या खोलीचे भाडे तिला कधी कळले की नाही, मला माहीत नाही. मी ते तिला सांगितले नव्हते, एवढे माहीत आहे.

पेरूवालीला मी ज्या कसोट्या लावल्या, त्याच स्वतःला लावून पाहिल्या. माप खरे होते, खोली दहा बाय बाराच होती. पण भाव उघड नव्हता, नाकारण्याची मोकळीक केवळ नावाची होती, आणि पाच वर्षांच्या सहवासानेही रेघ पुसली गेली नाही. पेरूवालीने एका रात्रीत मला आपल्यात घेतले. मी पाच वर्षांत ते केले नाही. दोनशे रुपये महिना, साठ महिने, बारा हजार रुपये. एकतीस वर्षे मी लोकांचे काटे तपासले, आणि माझ्या घरातला काटा तेवढा तपासणीतून सुटला.

परत आल्यावर मी तिचा पत्ता शोधला. ज्या रुग्णालयात ती होती तिथे आता तिला ओळखणारे कोणी नाही. सध्या त्या दोन खोल्यांपैकी एकीत इंदूरचाच एक तरुण आणि दुसरीत मणिपूरहून शिकायला आलेली दोन मुले राहतात. दोन्ही खोल्यांचे भाडे एक आहे, आणि ते मी दोघांनाही एकमेकांसमोर सांगितले. यात मोठेपणा काही नाही. उशिराने केलेली दुरुस्ती आहे, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला ती पोहोचलेली नाही.

नातीच्या प्रश्नाला तिच्या आईने त्या दिवशी दिलेले उत्तर मला पुरेसे वाटले नव्हते. ‘कागदावर आहेस, एरवी नाहीस,’ असे ती म्हणाली होती. आता वाटते, याहून खरे उत्तर तिला देता येण्यासारखे नव्हते. कागद बदलणे आपल्यासारख्यांच्या हातात नाही. एरवीचे तेवढे आहे.